जानकीरामने पाहिलेलं मद्रास

जानकीराम समुद्रात बुडाल्याची बातमी कुंभकोणमच्या मेलकावेरीत आली, त्याच दिवशी व्यंकोबाने आपल्या फोटो स्टुडिओतला मद्रासचा पडदा खाली उतरवला आणि गुंडाळून माळ्यावर टाकून दिला.

पडदा त्यानेच रंगवला होता. निळं पाणी, पिवळी वाळू आणि वाळूत उभा दीपस्तंभ. सगळं एका पोस्टकार्डावरून. मद्रास त्याने पाहिलं नव्हतं. वयाची पन्नाशी आली तरी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. कुंभकोणमची माणसं मात्र हौसेने त्या पडद्यापुढे उभी राहून फोटो काढून घेत.

१९५३ च्या पोंगलच्या सुट्टीत जानकीरामही आला होता. विधवा वेदवतीचा एकुलता एक मुलगा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. पाच मित्रांबरोबर मद्रास बघायला निघाला होता.

"अण्णा, समुद्र असाच असतो काय?" त्याने पडद्याकडे बोट दाखवून विचारलं होतं.

"असाच," व्यंकोबा काळ्या कापडाखालून म्हणाला होता. "कावेरीत पोहणाऱ्याला तिथं कसली भीती! हलू नकोस आता."

बोलायचं म्हणून बोललेलं वाक्य. पण दीड महिना ते त्याला घास गिळू देत नव्हतं. बायकोलाही त्याने ते सांगितलं नव्हतं.

मग एका दुपारी वेदवतीच स्टुडिओच्या पायरीवर येऊन उभी राहिली. एकटीच होती.

"जानूचा फोटो काढला होता म्हणे तुम्ही. तो न्यायला आले."

फोटो तयार होता. व्यंकोबाने पाकीट काढलं, पण ते तिच्या हातात देववेना. त्याने ते मेजावर ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. मुलाने काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, आणि आपण समुद्र कधी पाहिलेलाच नाही, हेही.

वेदवतीने फोटो पाहिला. बराच वेळ पाहत राहिली. रस्त्यावरून नाचियार्कोविलची बस भोंगा वाजवत गेली.

"मी म्हटलं होतं, नको जाऊ," ती अखेर म्हणाली. "माझं ऐकलं नाही त्यानं. तुमचं ऐकून गेला असेल, असं मज वाटत नाही. पण खोटं बोललात, ते बरं केलं नाही तुम्ही."

"नाही केलं, अक्का."

"रघूत्तम गेला होता मद्रासला. सगळं तिथंच उरकून आला. अस्थी घेऊन आला तेवढ्या." रघूत्तम म्हणजे तिचा भाऊ. "मी त्याला म्हणते, मज एकदा तिथं ने. जानूनं त्या दिवशी जे जे पाहिलं ते मज पाहायचं आहे. तो म्हणतो, वेड लागलं तुला." तिने पदराने फोटोवरची नसलेली धूळ पुसली. "तुम्ही न्याल काय?"

व्यंकोबा हो म्हणाला. त्या रात्री त्याने बायकोला, सुंदरीला, सगळं सांगितलं. निघायच्या दिवशी सकाळी उठून तिने चिंचेचा भात केला, केळीच्या पानांत बांधला आणि स्वतःचं लुगडंही पिशवीत घातलं. बाईमाणसाबरोबर बाईमाणूस हवं, एवढंच म्हणाली. रघूत्तमने दोन दिवस अबोला धरला, पण निघायच्या वेळी तो स्टेशनवर आला आणि एक चिठ्ठी व्यंकोबाच्या हातात देऊन गेला. चिठ्ठीवर एका कोळ्याचं नाव होतं : आरोक्यम. जानकीरामला पाण्याबाहेर त्यानेच आणलं होतं.

मद्रासच्या एग्मोर स्टेशनवर उतरल्यावर वेदवतीने विचारलं, "आधी कोठे गेला होता तो?"

जानकीरामच्या मित्रांकडून व्यंकोबाने सगळा क्रम विचारून घेतला होता. आधी प्राणिसंग्रहालय, मग म्युझियम, आणि उन्हं कलल्यावर समुद्र. गावाकडून मद्रास बघायला येणारी माणसं या पहिल्या दोन जागांना जिवंत कॉलेज आणि मेलेलं कॉलेज म्हणत. ती नावं वेदवतीपुढे उच्चारायची नाहीत, असं व्यंकोबाने ठरवलं होतं. पण रिक्षावाल्याने आपणहूनच विचारलं, "जिवंत कॉलेज की मेलेलं?" वेदवती म्हणाली, "दोन्ही."

प्राणिसंग्रहालयात वाघ पिंजऱ्यात येरझारा घालत होता. वेदवती त्याच्यासमोर उभी राहिली, माकडांसमोर उभी राहिली, पाण्यात नुसते डोळे वर ठेवून पडलेल्या मगरीसमोरही. कुठेही ती घाई करत नव्हती. "येथे हसला असेल तो," माकडांपाशी ती म्हणाली.

म्युझियममध्ये ब्राँझच्या मूर्तींच्या दालनात मात्र तिचे पाय अडखळले. कावेरीकाठच्या देवळांतले देव तिथे ओळीने उभे होते. अंगावर वस्त्र नाही, पुढे दिवा नाही, फूल नाही. तिने सवयीने हात जोडले आणि मग पहारेकऱ्याकडे पाहून खाली घेतले.

"जोडा, अम्मा," तो म्हातारा पहारेकरी तमिळमध्ये म्हणाला. "सगळेच जोडतात."

तेव्हा ती रडली. सुंदरीने तिला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. व्यंकोबा दूर जाऊन उभा राहिला.

समुद्रावर जाताना त्यांना दीपस्तंभ दिसला. तो वाळूत नव्हताच. हायकोर्टाच्या लाल इमारतीच्या डोक्यावर होता. व्यंकोबाने मान वळवली. पुढे पाणी दिसू लागलं. लांबून ते सपाट आणि निळं होतं, अगदी त्याने रंगवलं होतं तसं. पण वाळू तुडवत जवळ गेल्यावर ते मातकट झालं. लाट उंच व्हायची, फुटायची आणि परत जाताना काठावरचं सगळं खेचून न्यायची. आवाज इतका की बाजूच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. व्यंकोबा वाळूत बसला.

आरोक्यम जाळं दुरुस्त करत होता. काळा, सुकलेला, साठीचा माणूस. सुंदरीने कोण कुठून आलो ते सांगितलं, तसा तो उठून उभा राहिला.

"मी ओरडलो होतो, अम्मा," तो म्हणाला. "दोनदा ओरडलो. पण इथं ऐकू येत नाही. तो पुढे होता, कमरेएवढ्या पाण्यात. मग पायाखाली खड्डा आला. मी आमचा ओंडक्यांचा तराफा, कट्टुमरम, पाण्यात ढकलला, पण..." त्याने नुसते हात पसरले.

"पोहत होता?"

"चांगला पोहत होता. पण नदीत पोहणारा काठाकडे तोंड करून जोर लावतो. इथं तसं केलं की दमतो माणूस. आडवं जावं लागतं. हे सांगायला कोणी नव्हतं."

व्यंकोबाने ते ऐकलं. त्याने डोळे मिटले नाहीत, खाली मानही घातली नाही. कोळी सांगत होता तोवर तो त्याच्याकडे बघत राहिला.

"कोठे ठेवलं होतंत त्याला?" वेदवतीने विचारलं.

आरोक्यमने वाळूतली एक जागा दाखवली. इतर वाळूसारखीच. "इथं. माझ्या बायकोनं अंगावर लुगडं घातलं. पोलीस येईपर्यंत ती बसून होती."

"एकटा नव्हता म्हणजे."

"नाही अम्मा. एकटा नव्हता."

वेदवती वाकली. तिने त्या जागेला हात लावला आणि तो हात डोळ्यांना लावला. मग तिने केळीच्या पानात उरलेला भात आरोक्यमला दिला, बायकोला द्या म्हणाली. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

"अक्का, आता निघू या," सुंदरी म्हणाली.

"थांब. मज पाण्यात उभं राहायचं आहे."

व्यंकोबा उठून पुढे आला. सुंदरीने एक हात धरला, त्याने दुसरा. इतक्या वर्षांत वेदवतीने परपुरुषाचा हात धरला नव्हता. तिघं घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. लाट आली, लुगडी भिजली. परत जाताना लाटेने तळपायाखालची वाळू ओढून नेली आणि तिघांचाही तोल गेला. त्यांनी एकमेकांना घट्ट धरलं.

"असं ओढतं होय," वेदवती म्हणाली.

दुसरी लाट येत होती. वेदवती तिच्याकडे बघत उभी राहिली.