रीळ उलटं नव्हतं

तीन तास.

ओर्नेलाने काचेच्या भांड्यातून रीळ बाहेर काढलं. गॅलिलिओवरच्या मूकपटाची उरलेली एकुलती एक प्रत, एकशेबारा वर्षांची, चिकटून गुळाची ढेप झालेली. औषधाच्या वाफेवर आठवडेच्या आठवडे ठेवली की ती सुटी होते, तीही तीन तासच. मग दगड. पुन्हा वाफ दिली तर चिखल.

मागे स्टुलावर सिन्योर अमेदेओ बसले होते. वय एक्क्याण्णव. चित्रपटात नजरकैदेतल्या गॅलिलिओला संत्री आणून देणारी पोर म्हणजे त्यांची आई, तेव्हा सात वर्षांची. पुढे अमेदेओंना जन्म देताना ती गेली. तिचे फोटो ते तान्हे असतानाच आगीत घरासकट जळले. आईचं तोंड त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"शेवटी येते ना ती?"

"हो, म्हणजे सगळ्यात वरच्या थरात. चर्चमधले सिनेमा दाखवणारे खेळ संपला की रीळ तसंच डब्यात कोंबायचे, शेवट वर. पुन्हा उलटं फिरवायचा आळस."

"आमच्या चर्चचे फादर सेवेरिनो आळशी नव्हते हं."

ओर्नेला हसली.

दोन तास वीस मिनिटं.

पहिली चौकट सुटली. तिच्यावर चित्रपटाचं नाव होतं.

नाव सुरुवातीला असतं.

मुलगी वर नव्हती, पार गाभ्यात होती. आणि वरचा थर विरघळू नये म्हणून तिनेच वाफ ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी थांबवली होती; गाभा अजून घट्टच होता.

"काय झालं?"

"तुमचे फादर शिस्तीचे निघाले."

"मी सांगत होतो."

फोनवर संग्रहालयाचे संचालक म्हणाले, "सावकाश सोडव. दुर्बीण, खटला, सगळं हवंय. पोरीचं नंतर बघू."

नंतर नव्हतंच.

एक तास.

सावकाश गेलं तर खटला वाचणार, गाभा जाणार. तिने पातं उचललं.

दुर्बीण. कापली. चंद्र. कापला. न्यायाधीश, टोप्यांसकट.

"अगं पोरी, हे काय करतेस?"

"बोलू नका माझ्याशी."

नऊ मिनिटं.

गाभा. लाकडासारखा टणक. नखाने, फुंकरीने. पट्टी सुटते, तुटते, सुटते, तु

अकरा चौकटी.

पडद्यावर पाऊण सेकंद. मुलगी म्हाताऱ्याकडे धावते, पाठमोरी. डोक्यामागे केसांचा एक झुबका उभा.

"पुढे वळते का?"

"पुढे काही नाही."

"परत लाव."

तिने लावलं. सहा वेळा.

"माझेही मागचे असेच उभे राहायचे," अमेदेओ टकलावरून हात फिरवत म्हणाले. "आत्या पाणी लावून लावून थकायची."

टेबलावर खटल्याचे तुकडे घट्ट होत होते. फोन वाजत होता.

"तोंड बघायचं होतं गं मला," ते म्हणाले.

ओर्नेलाने फोन उचलला. संचालकांच्या शिव्या ऐकणं त्यातल्या त्यात सोपं होतं.