पोच

"पोच दे," ताई म्हणाली आणि तिने जाडजूड पाकीट खिडकीतून आत सरकवलं.

खिडकीआड बसलेल्या पोचकाकांचा हात सवयीने शिक्क्याकडे गेला आणि वाटेतच थबकला. बँकेच्या मुख्य कचेरीत आलेला कागदन् कागद एकतीस वर्षं याच हाताखालून गेला होता. कागद घ्यायचा, तारखेचा निळा शिक्का मारायचा, पोच द्यायची. खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. पण आज सकाळीच साहेबांनी बजावलं होतं, "बाहेरच्या आंदोलकांचा कागद आला तर परत पाठवा. पोच तर अजिबात नाही."

त्या बाहेरच्यांत आपली थोरली बहीण असेल, हे काकांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

काचेपलीकडे पायऱ्यांवर पन्नासेक माणसं कागदी भिरभिरी घेऊन बसली होती. "वारा फुकट, भट्टी विकट!" पोरी घसा फोडून ओरडत होत्या. ताईच्या गावामागच्या टेकडीवर पवनचक्क्या उभारायला बँकेने कर्ज नाकारलं होतं. गावापुढच्या किनाऱ्यावरच्या अणुभट्टीला मात्र ते मिळणार होतं. चार वाजता संचालकांची बैठक होती.

"ताई, तू घरी जा. ही वाट बघतेय. संध्याकाळी निवांत बोलू."

"घरी मी बहीण. इथे हरकतदार. आठशे जण आहेत यात, निम्मे अंगठे."

"वरून ताकीद आहे गं. चार महिने राहिलेत निवृत्तीला."

"आई म्हणायची, या पोराला पोच कशी ती नाही. आणि नोकरी लागली ती पोच द्यायचीच!" ती हसली. मग हसू पुसून म्हणाली, "पोच नसली तर उद्या म्हणतील, कुणाची हरकतच नव्हती."

काकांनी पाकीट परत सरकवलं. ताईने ते उचललं. ती पायरीवर जाऊन बसली, काचेकडे पाठ करून. अंबाड्यात खोचलेलं तिचं भिरभिरं गरगर फिरत होतं.

लहानपणी वादळाच्या आवाजाने हा धाकटा भाऊ रडायला लागला, की ताई वहीच्या पुठ्ठ्याचं भिरभिरं करून दारात धरायची आणि म्हणायची,

वाऱ्या वाऱ्या, ये रे घरा,
तुला ना कुलूप, ना पहारा.

साडेतीनला साहेब स्वतः नोंदवही घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. काकू आजारी होत्या तेव्हा दोनदा इस्पितळात येऊन गेला होता.

"काका, लिहा. आजअखेर आलेल्या हरकती, निरंक. खाली सही."

"निरंक?"

"म्हणजे काही आलं नाही."

"अर्थ ठाऊक आहे, साहेब. एकतीस वर्षं लिहितोय. पण आलेलं नसेल तेव्हा."

"अहो, वाऱ्याचं काय, आज आहे, उद्या नाही. भट्टी रात्रंदिवस चालते. तुम्ही कशाला त्यात पडता?"

"त्यातलं मला कळत नाही. आलेलं ते आलं, एवढंच कळतं."

काका उठले. शिक्का आणि शाईची डबी घेऊन बाहेर गेले, ताईशेजारी पायरीवर टेकले आणि पाकीट गुडघ्यावर ठेवून त्यांनी शिक्का मारला. एक मूळ कागदावर, एक तिच्या प्रतीवर. खाली वेळ घातली, तीन चाळीस.

ताईने ओल्या शाईवर हळूच फुंकर घातली. "आता भट्टी थांबेल का रे?"

"थांबायचं नाही बहुतेक. पण आलंच नव्हतं, असं कुणाला म्हणता यायचं नाही."

मूळ कागद घेऊन ते आत आले आणि त्यांनी नोंदवहीत लिहिलं, हरकती, एक. साहेब बघत उभे होते.

"शिक्का द्या. उद्यापासून तळघरात, जुन्या कागदांत बसायचं." मग आवाज उतरवून म्हणाले, "चार महिने राहिले होते हो. काही पोच आहे का तुम्हाला?"

"होती तेवढी दिली, साहेब."

काकांनी रोजच्यासारखा शिक्का फडक्याने पुसला. त्याचं दातेरी चाक एक घर पुढे सरकवून उद्याची तारीख लावली आणि मग तो साहेबांच्या हातावर ठेवला.