दहावा हिस्सा

दुसऱ्या मजल्यावरून टोपली खाली आली, तेव्हा शौकियानं आधी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मगच टोपलीत हात घातला. आत मुलुखियाच्या पाल्याच्या चार जुड्या होत्या. थोड्या वेळापूर्वी तिनंच त्या वर पाठवल्या होत्या. तिनं त्या झटकल्या, पाणी शिंपडलं आणि क्रेटमध्ये इतर जुड्यांशेजारी नीट मांडल्या. मग झग्याच्या गळ्यातून हात घालून नोटा काढल्या, बोटाला थुंकी लावून मोजल्या, टोपलीत टाकल्या आणि दोरी हलवली.

"पूर्ण आहेत ना गं?" वरून कवाकिबनं विचारलं.

"माझा दहावा हिस्सा जाऊन पूर्ण."

"अल्लानं तुला दहा बोटं दिली, तीही त्याच हिशेबासाठी."

"तुला एकच जीभ दिली, ती पुरते ना गल्लीला?"

कवाकिब खळखळून हसली. "बरं, माझी अजून एक फेरी राहिलीय हं कार्डावर. अख्ख्या तांता शहरात कुणी खाल्ली नसेल एवढी भाजी खाल्ली बाई मी या महिन्यात!"

उन्हाळ्याच्या तोंडाशी संस्थेनं गल्लीतल्या बारा घरांना हिरवी कार्डं वाटली होती. महिन्याला त्यात पैसे पडायचे, पण ते भाजीपाल्यावरच खर्च करायचे. महिनाअखेरीपर्यंत सगळे खर्च केले, तर पुढच्या महिन्यात वाढवून मिळायचे. संस्थेचं म्हणणं असं, की गरीब माणूस पाव आणि गोड चहा यांवर जगतो आणि तिशीत साखरेचा आजार लावून घेतो. त्याला भाजीची चटक लावली पाहिजे. गल्लीचं म्हणणं निराळं होतं. भाजीसाठी कुणाचं अडत नाही. अडतं ते चहासाठी, सिगारेटसाठी, पोरांच्या शिकवणीच्या फीसाठी.

या दोन म्हणण्यांच्या मध्ये शौकिया बसली होती, कार्डाचं मशीन मांडीवर घेऊन. मशीनमध्ये कार्ड घासायचं, भाजी वर पाठवायची, भाजी खाली घ्यायची, आपला दहावा हिस्सा कापून रोकड वर पाठवायची. संस्थेचे पैसे तिच्या खात्यात मागाहून यायचे. एका क्रेटवर अख्ख्या गल्लीचा महिना निघायचा. संध्याकाळपर्यंत मुलुखियाची पानं इतकी माना टाकायची, की शेवटची फेरी शौकिया डोळे मिटून पाठवायची.

मशीन येण्याआधी ती स्टेशनबाहेर गोणपाटावर मुळ्याच्या जुड्या विकायची. नगरपालिकेची गाडी दिसली, की गोणपाट गुंडाळून पळायचं. एकदा पळताना पाय मुरगळला, तो अजून थंडीत ठणकतो. आता तिच्या डोक्यावर संस्थेची हिरवी छत्री होती. मशीन गेलं, की छत्री जाणार, आणि पुन्हा गोणपाट.

एक गोष्ट मात्र तिला अधूनमधून टोचायची. मुलुखियाला लसूण-धण्याची फोडणी घालताना बाईनं छातीवर हात ठेवून मोठ्यानं श्वास ओढायचा असतो. ओढला नाही तर मुलुखिया जमत नाही, हे इथं तान्हं पोरही जाणतं. कार्डांच्या हिशेबानं गल्लीनं या उन्हाळ्यात मुलुखियाचे डोंगर फस्त केले होते. आणि गल्लीत अजून एकही श्वास ऐकू आला नव्हता.

कवाकिबच्या जुड्या नुकत्याच पुन्हा वर गेल्या होत्या, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक मुलगी दिसली. खांद्याला जड पिशवी, बुटांवर धूळ. संस्थेची रिहाम.

शौकियाचा हात नोटांकडे निघाला होता, तो तिनं तसाच कपाळाला लावला.

"या मॅडम, या! कवाकिब, अगं बघ तरी, रिहाम मॅडम आल्यात! संस्थेतून! स्वतः!"

ही आरोळी स्वागताची होती तशीच इशाऱ्याचीही. वरच्या कठड्यावरून खाली सुटू लागलेली टोपली हवेतच थांबली आणि हळूच मागे गेली.

"बसा. चहा सांगते. बिनसाखरेचा?"

"तीन चमचे, खाला," रिहाम पालथ्या क्रेटवर बसत म्हणाली. "सकाळपासून फिरतेय. आज महिनाअखेर ना? मशीन बंद होईपर्यंत इथंच बसेन म्हणते. कागदावर तुमची गल्ली सगळ्यांच्या पुढं आहे. म्हटलं, डोळ्यांनी बघू तरी."

"बघा की. आमच्याकडे लपवायला काय आहे?"

तिनं रिहामचं लक्ष नाही असं पाहून क्रेट पायानं मागे सरकवला. सहा जुड्या. अजून आठ कार्डं यायची होती.

टोपल्या उतरू लागल्या. आवाज ऐकून बायका कार्डं पाठवत होत्या. आज शेवटचा दिवस, न वापरलेलं बुडणार. पहिल्या घराला तीन जुड्या गेल्या, दुसऱ्याला तीन. क्रेटचा तळ दिसला. तिसरी टोपली तोंड वासून समोर लोंबकळत राहिली.

"संपली?" रिहामनं विचारलं.

"संपेल कशी? दुसरा माल वाटेवर आहे." शौकियानं गल्लीच्या तोंडाशी डुलक्या घेणाऱ्या टुकटुकवाल्याला हाक मारली. "शहाता! ए शहाता, मेला माल कुठं अडकलाय बघ जा!"

"कुठला माल?" शहाता डोळे चोळत आला.

शौकियानं त्याच्या दंडाला धरून टुकटुकच्या आडोशाला नेलं आणि छातीशी ठेवलेलं पुडकं त्याच्या हातात कोंबलं. बायकांना वर पाठवायची सगळी रोकड त्यात होती.

"बाजारात जा. मुलुखिया, भेंडी, दोडका, जे मिळेल ते. भाव करत बसू नकोस."

"तू सांगतेयस हे? भाव करू नको?" शहातानं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "बरं वाटत नाहीये का, खाला?"

"जा म्हणते ना!"

ती परत आली तेव्हा रिहाम मान वर करून कवाकिबशी बोलत होती.

"एवढी मुलुखिया शिजवता कशी हो?"

"कशी म्हणजे?" कवाकिबनं कठड्यावरून अर्धं अंग बाहेर काढलं. "सगळं जग शिजवतं तशी. थांबा, दाखवते."

आणि ती बाल्कनीत फतकल मारून बसली. मांडीवर परात घेतली आणि पानं खुडू लागली.

शौकियाला वाटलं, दोनचार पानं खुडेल आणि थांबेल. पण देठ पडायला लागले. एक, दोन, मग मूठभर, थेट छत्रीवर. खुडलेली भाजी क्रेटमध्ये परत कशी घेणार? तिनं डोळ्यांनी दटावलं. कवाकिबनं तिच्याकडे बघतच नवी जुडी सोडली. समोरच्या बाल्कनीतल्या म्हाताऱ्या उम्म हाशिमनं ते पाहिलं. आपण मागे कशा, असं वाटून तीही परात घेऊन बसली. मग तिच्या शेजारची.

"सुऱ्या बोथट झाल्यात गं!" उम्म हाशिम ओरडली. "धार लावणाऱ्याला बोलवा!"

"तुझ्या जिभेवर घास," कवाकिबनं उत्तर दिलं, आणि गल्ली हसली.

शौकिया हसली नाही. ती उठली, बसली, छत्रीवरचे देठ झटकले, पुन्हा उठली. शहाता टुकटुक शिगोशीग भरून आला, तेव्हा तिनं भाजी भराभर उतरवून घेतली. शेवटच्या टोपलीपर्यंत खरी भाजी गेली. एकही जुडी दुसऱ्यांदा वर गेली नाही.

सूर्य कलला, मशीन बंद झालं. रिहामनं उठताना खाली पडलेली एक काळवंडलेली काडी उचलली, बोटांत फिरवली.

"ही बरीच फिरलेली दिसते, खाला."

"उन्हात होती, मॅडम."

"हं," रिहाम म्हणाली. काडी तिनं क्रेटच्या कडेवर ठेवली, फेकली नाही. "चहा छान होता."

ती गेली आणि शौकिया पालथ्या क्रेटवर बसून वाट पाहू लागली. आता उतरतील. आता विचारतील, आमची रोकड कुठं आहे. कवाकिबच्या नवऱ्याला सिगारेट हवी असेल, उम्म हाशिमला साखर. कुणाला काय सांगायचं? नोटांची भाजी झाली, आणि भाजी तुमच्या मांडीवर खुडली गेली. तिनं मनात चारदा भांडण केलं आणि चारही वेळा हरली. घरी निघून जाता आलं असतं. पण बारा घरांच्या नजरांखालून छत्री मिटायची, याला तिचा हात धजेना.

"उद्या एकच क्रेट ना, नेहमीसारखा?" शहातानं टुकटुक चालू करत विचारलं.

"थांब जरा."

"कशासाठी?"

तिनं हात वर केला. गप्प राहा, या अर्थानं.

वर कुठंतरी तेल चुरचुरलं. लसणाचा वास गल्लीत उतरला. आणि दुसऱ्या मजल्यावरून तो आला, लांब, खणखणीत, नाटकी श्वास. क्षणभरानं समोरून उम्म हाशिमचा, म्हातारा, खोकल्यात संपलेला. मग तिसरा. मग मागच्या घरातून आणखी एक. श्वासांमागून हशा, हशामागून पातेल्यांवर झाकणं.

शहातानं टुकटुक बंद केलं.

बऱ्याच वेळानं दोरी हलली. कवाकिबची टोपली खाली आली. शौकियानं ती उघडायच्या आधी सवयीनं गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. आत एक वाडगं होतं, वर झाकण म्हणून पाव ठेवलेला.

"हे काय?"

"तुझा दहावा हिस्सा," वरून आवाज आला. तोंडात घास होता. "रस्सा नाही, शिजवायला ससा नाही, नुसती लसणावर केलीय. जसा माल तशी भाजी."

शौकियानं पाव उचलला, वाडगं उजेडाकडे तिरपं केलं, आतल्या हिरव्या गुळगुळीत रेषेचा अंदाज घेतला. तिची नजर अशा बाबतीत कधी चुकत नसे.

"कवाकिब! हा दहावा नाही! विसावासुद्धा नाही हा!"

वर पातेल्याच्या तळाशी चमचा खरवडल्याचा आवाज झाला. थांबला. पुन्हा झाला.

"उरलंच नाही गं," कवाकिब म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती, थोडं नवल होतं. "पोरं ऐकेनात. जे होतं ते पुसून पाठवलंय."

शौकियानं उभ्याउभ्याच पाव तोडला. वाडगं रिकामं झालं तेव्हा तिचा हात आपसूक झग्याच्या गळ्याकडे गेला. तिथं काही नव्हतं. मग तिनं तो हात ओढणीला पुसला, रिकामं वाडगं टोपलीत ठेवलं आणि दोरी हलवली.