गुरुवारची परात

मी एक जुनी पितळी परात आहे, मित्रांनो. नुसतं 'मित्रांनो' म्हणताना मी जरा अडखळते, कारण मी जिच्या घरात राहते ती बाई लगेच विचारेल, "आणि मैत्रिणी कुठे गेल्या गं?" तेव्हा मित्रांनो आणि मैत्रिणींनो, लीड्समधल्या एका चिंचोळ्या, लाल विटांच्या घरात सिंकच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझी गोष्ट फारशी हसरी नाही. पण ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म ठोक्यांतून झाला. तांबटानं मला इतके ठोके घातले की अजूनही माझ्या तळावरून बोट फिरवलंत तर बारीक बारीक खळगे लागतील. वसईच्या बाजारात एका बाईनं मला उचललं, उलटं केलं, टिचकी मारून माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, "हीच." दुकानदारानं माझ्या काठावर टिंबाटिंबांनी तिच्या नवऱ्याचं नाव घातलं. बाई म्हणाली, "पीठ काय हे मळणार आहेत? माझंही घाला." दुकानदार हसला, पण त्यानं खाली 'सिसिलिया' असं घातलं. सिसिलियाची मुलगी शाल्मली. ती नर्स होऊन विलायतेला निघाली तेव्हा सिसिलियानं मला तिच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध बसवलं.

इथे आल्यावर मी तांदळाच्या भाकरीचं पीठ पाहिलं, नाताळच्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, मैदा पाहिला. शाल्मली पीठ मळता मळता जपमाळेची प्रार्थना म्हणायची, आणि प्रार्थना संपली की फोनवर मैत्रिणीशी भांडायची. मैत्रीण म्हणजे देवयानी, पुण्याची, तिच्याच वॉर्डातली नर्स. बायकांच्या हक्कांच्या मोर्च्यांना दोघी एकत्र जायच्या, एकच फलक दोघींनी धरायचा.

"तू मोर्च्यात माझ्या पुढे असतेस," देवयानी म्हणायची, "आणि रविवारी जिथे बाईला धर्मगुरू होऊन वेदीमागे उभं राहता येत नाही तिथे जाऊन गुडघे टेकतेस. कसं जमतं गं तुला?"

"येशूच्या थडग्यापाशी पहिल्या कोण पोचल्या? बायका. तो पुन्हा उठलाय असं त्यांनी येऊन सांगितलं तर पुरुषांना वाटलं, बडबडतायत. तेव्हापासून आम्ही सांगतोच आहोत. मी निघून गेले तर सांगणार कोण?"

"म्हणजे दोन हजार वर्षं नोटीस पिरियडवर."

शाल्मली खळखळून हसायची. पण फोन ठेवल्यावर तिचे हात पिठात थोडा वेळ नुसतेच थांबायचे. तिकडे चर्चमधल्या बायका तिला 'मोर्चेवाली' म्हणत, इकडे मोर्च्यातल्या बायका 'चर्चवाली'. दोन्ही घरांत पाहुणी. मला ते तिच्या तळहातांतून कळायचं.

आता चर्चविषयी सांगते. ईस्टरच्या आधी पवित्र गुरुवार येतो. येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची त्या संध्याकाळी आठवण करतात. बारा माणसं खुर्च्यांवर बसतात आणि फादर गुडघ्यांवर येऊन त्यांचे पाय धुतात. आमच्या चर्चचे फादर इनास, तेही वसईचेच. त्या बाराही खुर्च्यांवर वर्षानुवर्षं पुरुषच बसत.

एका वर्षी शाल्मलीनं विचारलं, "फादर, रोमहून नियम बदलून आला त्याला किती वर्षं झाली? बायकांचे पाय चालतात आता."

"चालतात गं बाय. पण लोकांना सवय नाही."

"पाय धुवायला सवय कशाला लागते? नळ सोडायचा."

फादरना हसू फुटलं. त्या वर्षी सहा बायका बसल्या. चर्चचा प्लास्टिकचा टब शाल्मलीला बघवेना, म्हणून तिनं मला घासूनपुसून नेलं. एका आंटीनं नाक मुरडलं, "पिठाच्या परातीत पाय?" शाल्मली म्हणाली, "आंटी, पीठही पवित्र आणि पायही पवित्र. मी मधे ब्रासो मारते, काळजी करू नका." मैत्रिणींनो, त्या संध्याकाळी माझ्यात रात्रपाळी करून सुजलेले पाय टेकले, भेगा पडलेल्या टाचा टेकल्या. एका आजीनं तर ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातही गुलाबी नेलपॉलिश लावलं होतं आणि ती लाजत होती. पितळ जन्माला आल्यापासून इतकं कधी चमकलं नसेल. शाल्मली मला छातीशी धरून बसनं घरी आली.

त्याच आनंदातून पुढचं सगळं निघालं. म्हणून तर तो आठवला की अजूनही मी गार पडते.

नाताळच्या आधी तनिषा नेवऱ्या करायला आली. तिचा नवरा संजय परेरा चर्चच्या गायनवृंदात गायचा. गळा असा गोड, की त्यानं भजन उचललं की आंट्या डोळे टिपायच्या. तनिषा त्याच्या व्हिसावर इथे आलेली, बोलायला हळू. तिनं मळायला बाही वर केली आणि लगेच खाली ओढली. पण मी खालून पाहिलं होतं. दंडावर पाच बोटं होती, निळी. शाल्मलीनंही पाहिलं.

"कधीपासून?"

तनिषा एकाच हातानं मळत राहिली. मग म्हणाली, "ताई, कुणाला सांगू नका. माझं मी बघते."

"पोलिसांना नाही सांगत. पण फादरना..."

"त्यांना तर नकोच."

इथे शाल्मली चुकली, मित्रांनो. तिच्यावर माझा फार जीव आहे, म्हणून मला हे झाकता येत नाही. तिला वाटलं, फादर आपले आहेत, आपलं ऐकतात, बायकांचे पाय धुवायला गुडघ्यांवर आले होते. ती चार आठवडे धुमसली आणि पाचव्या आठवड्यात फादरना सांगून बसली.

फादर इनास मनाचे मऊ आहेत. त्यांचे डोळे भरून आले. आणि त्यांनी काय करावं? दोघांना एकत्र बोलावलं, एका खोलीत, एका सोफ्यावर. संजय रडला. त्यानं कान पकडले. तनिषाला 'माफ केलंस ना?' असं विचारलं तेव्हा तिनं होकाराची मान हलवली. शेजारी तो बसलेला असताना ती दुसरं काय करणार? फादरना वाटलं, चमत्कार झाला. ते शाल्मलीकडे धावत आले. "मला सुचलंय एक. यंदाच्या पवित्र गुरुवारी तनिषाचे पाय मी धुणार नाही. संजय धुईल, सगळ्यांसमोर. नवऱ्यानं बायकोपुढे गुडघे टेकायचे! तुझ्या फेमिनिझमला आणखी काय हवं, सांग?"

रात्रभर शाल्मलीनं जपमाळ ओढली, आणि सकाळी मला घासायला घेतलं. तिलाही ते सुंदर वाटलं होतं. हीच तर गोम होती.

गुरुवार आला. चर्च भरलेलं. तनिषा खुर्चीवर बसली, डावा बूट-मोजा काढला. संजय गुडघ्यांवर आला आणि बाकांवरून एक उसासा उठला. फादर शेजारी टॉवेल घेऊन उभे. शाल्मली तांब्यातून पाणी सोडत होती. कोमट पाणी माझ्यात पसरलं, तनिषाचा पाय माझ्या तळाला टेकला आणि संजयचे दोन्ही हात पाण्यात आले.

घोट्याच्या आतल्या बाजूला एक दुखरी जागा होती. हिरवी-पिवळी, आतापर्यंत मोज्याखाली लपवलेली. त्याचा अंगठा नेमका तिथे गेला. चुकून नाही गेला. शोधत गेला, आणि दाबत राहिला, हाडापर्यंत. वर त्याचे ओठ प्रार्थना पुटपुटत होते. तनिषाच्या पायाची बोटं माझ्या तळावर आकसली, माझ्या खळग्यांना धरू पाहत होती. तिनं आवाज केला नाही. फक्त तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाहून सगळं चर्च रडलं.

*माझ्या गं कडेला*
*पाणी हसे खळखळ*
*तळाशी दडली कळ*
*कुणा ठावी?*

मी पितळेची. टिचकी मारली तर वाजते. पण त्या वेळी मला कुणी टिचकी मारली नाही.

पुढचे दोन महिने सगळे संजयचे गोडवे गात होते. तनिषानं शाल्मलीचे फोन उचलणं सोडून दिलं. जूनमध्ये शेजाऱ्यांनी भिंतीतून आवाज ऐकून पोलिसांना बोलावलं. त्या दिवसापासून तनिषाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. आधी ती मारहाणीतून सुटलेल्या बायकांच्या आसराघरात राहिली, मग शाल्मलीच्या मागच्या खोलीत आली. पहिल्याच दिवशी शाल्मली तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "मीच तुला त्या खुर्चीवर बसवलं गं."

तनिषानं उजवा कान पुढे केला. "काय?"

शाल्मलीला ते पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं. आपली चूक दोनदा म्हणणं सोपं नसतं.

संजयवर खटला उभा राहिला. आणि चर्चमधून त्याच्या वकिलासाठी एक पत्र निघालं. हा माणूस सद्वर्तनी आहे, त्यानं सर्वांसमक्ष नम्रतेनं पत्नीचे पाय धुतले आहेत. बेचाळीस सह्या. पहिली फादर इनास यांची. शाल्मलीपुढे कागद आला तेव्हा तिनं तो वाचून परत दिला. पुढच्या महिन्यात चर्चमध्ये बायबल वाचणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव गेलं. चर्चच्या पायऱ्यांवर एक आंटी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "एकेकीला दुसऱ्याचे संसार मोडायची हौसच असते." देवयानी फोनवर कडाडली, "आता तरी सोड!" शाल्मली म्हणाली, "त्यांनी मला काढलं तर निघेन. मी होऊन नाही निघणार. प्रभू काय त्यांच्या एकट्यांचा आहे?" आणि दर रविवारी शेवटच्या बाकावर एकटी बसत राहिली. शेजारची जागा रिकामी असायची. मी इकडे फळीवर काळवंडत होते. मला घासायचं तिचं मन होत नव्हतं.

वर्ष फिरलं, पुन्हा प्रायश्चित्तकाळ आला. एका दुपारी फादर इनास दारात उभे. वर्षभरात ते दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"परात मागायला आलो होतो, शाल्मली."

"नाही मिळणार, फादर."

ते तरी आत आले. कोट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. "माझी झोप उडालीय. मला वाटलं होतं, मी चांगलं करतोय. मला तिची क्षमा मागायचीय."

"क्षमा नंतर. ती देईल की नाही तिचं तिला ठरवू द्या. आधी ते पत्र. ईस्टरनंतर सुनावणी आहे."

"बेचाळीस जणांच्या सह्या आहेत. मी आता मागे घेतलं तर लोक काय म्हणतील? बिशप काय म्हणतील?"

"मोर्चेवाली म्हणतील," शाल्मली म्हणाली. "सवय होते हळूहळू."

ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं. शाल्मलीनं कागद दिला. 'मी माझी सही मागे घेत आहे' एवढं त्यांनी लिहिलं, आणि पेन अडलं. "कारण काय लिहू? त्यानं पाय धुतले हे तर खरंच आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय."

तनिषा केव्हाची दाराच्या चौकटीत उभी होती. कुणाला चाहूल लागली नव्हती. ती आत आली, उजवा कान फादरकडे करून बसली आणि म्हणाली, "लिहा. पाण्याखाली तो अंगठ्यानं माझा घोटा दाबत होता. आदल्या आठवड्यात जिथे लाथ मारली होती, तिथेच."

शाल्मलीचा हात तोंडावर गेला. तिलाही हे माहीत नव्हतं. मित्रांनो, त्याच्याखेरीज जगात दोघींनाच माहीत होतं, एक ती आणि एक मी.

फादर खालच्या आवाजात म्हणाले, "कधी?"

तनिषाला ऐकू आलं नाही. त्यांना पुन्हा विचारावं लागलं. "कधी, बाय?"

"तुम्ही शेजारी टॉवेल घेऊन उभे होतात ना," ती म्हणाली, "तेव्हा."

पेन कागदावर टेकलेलंच राहिलं आणि शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मग फादर लिहू लागले. एकेक शब्द लिहून ते वर बघत. तनिषा मान हलवी, तेव्हाच पुढचा शब्द लिहीत. एके ठिकाणी ती म्हणाली, "'कदाचित' खोडा." त्यांनी खोडलं.

मित्रांनो आणि मैत्रिणींनो, मी एक भांडं आहे. माझ्यात जे ओततील ते मी धरते, मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला म्हणता येतं. कुणी कुणापुढे गुडघे टेकून बसलेला दिसला, सगळे डोळे पुसत असले, तरी तुम्ही खुर्चीवरच्या माणसाकडे बघा. त्याला बाजूला नेऊन, एकट्याला, हळूच विचारा, दुखतंय का? आणि तो 'कुणाला सांगू नका' म्हणाला, तर त्याला न विचारता कुणाला सांगू नका. पण त्याच्याजवळून हलूही नका.