माळावरची शिट्टी

सटवा तावातावानं रामहरीच्या अंगणात आला. "माझ्या शेळ्यांना शिट्टी काहून मारतो रं?"

"मी? मला शिट्टी येतीया कधी! तूच मारतो, मला डिवचायला."

चकलांबा गावात शिट्टीवर शेळ्या वळवणारं माणूस एकच होतं, रामहरीची बायको भिवराबाई. बाईमाणसानं शिट्टी मारू नये म्हणून सासू ओरडायची. भिवराबाई हसून दोन बोटं तोंडात घालायची आणि शेळ्या माळ ओलांडून पळत यायच्या. संक्रांतीच्या आधी ती गेली. शेळ्या बघवेनात म्हणून रामहरीनं त्या सटवाला देऊन टाकल्या. आता उन्हाळा लागला होता आणि रोज सकाळी माळावरून तीच शिट्टी यायची. आधी खालचा सूर, मग झटकन वर. रामहरीच्या हातातला घास हातातच राहायचा. कुणीतरी तिची टिंगल करतंय, हे त्याला सोसत नव्हतं.

माहेरी आलेली लेक मनिषा म्हणाली, "आबा, भांडता कशाला? तुमी दोघंबी चला माळावर. कोण मारतंय ते दिसंल."

तिघं तरवडाच्या झुडपाआड बसले. शिट्टी झाली. चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या आणि आवाजाकडं धूम ठोकली. रामहरीनं सटवाच्या तोंडाकडं पाहिलं, सटवानं रामहरीच्या. दोघांची तोंडं मिटलेली.

"ते बघा," मनिषा कुजबुजली.

मुरमाच्या उंचवट्यावर एक मातकट पाखरू उभं होतं. डोक्यावर टोकदार तुरा. त्यानं आधी टिटवीची हाक काढली आणि लगेच भिवराबाईची शिट्टी.

मनिषानं फोटो काढून मोबाइलवरच्या चित्रांशी ताडून पाहिला. "तुरेवाला चंडोल हाय. असल्याच उघड्या, मुरमाड माळावर राहतो. घरटं भुईवर. दुसऱ्यांचे आवाज उचलतो."

"म्हंजे वहिनीकडून शिकला!" सटवा म्हणाला. "माझा खोकला न्हाई उचलला, लई उपकार झाले."

रामहरी हसायला लागला तो थांबेचना. शेवटी डोळे पुसून म्हणाला, "सटवा, हितं घरटं आसंल, शेळ्या तुडवतील. उद्यापासून त्या माझ्या बांधाला चार."

"आन् यानं बोलावल्यावर? त्या ऐकतेत व्हय माझं?"

"मी हाय की हितं. मी अडवीन त्यांना."

"रोज सकाळी?"

"रोज," रामहरी म्हणाला. "आता गप बस, परत वाजवतोय बघ."