पाइप लावून आवळलेला नट

काका आपल्या पायाने तिच्या गॅरेजच्या दारात येईल, असं मिस्त्रीणबाईला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ड्रायव्हरांनी तिला हे नाव थट्टेने ठेवलं होतं. आता तेच तिच्याकडे रांग लावत.

हमरस्त्यावरचं मोठं गॅरेज पूर्वी तिचे बाबा आणि काका, दोघा भावांचं होतं. एका दूधवाल्याची पिकअप उतारावर मागची चाकं जाम होऊन उलटली आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. मागच्या चाकांना फिरवणारं डिफरन्शियल दादाने, म्हणजे बाबांनी, खोलून भरलं होतं, असं काकाने चारचौघांत सांगून टाकलं. त्या गाडीला हात दोघांनीही लावला होता, शेवटी नट कोणी आवळला ते बाबांना नक्की आठवेना. "एवढा जड हात माझा कधी नव्हता," ते म्हणत, "पण असेलही." त्यांनी पाना खाली ठेवला तो कायमचाच, आणि गॅरेज एकट्या काकाचं झालं. लेकीच्या पोटात तेव्हापासून निखारा होता.

काकाने तोंड वाकडं करत आपल्या पिकअपचं दुखणं सांगितलं. जरा वेग घेतला की गाडी अंगात आल्यासारखी थरथरते. चाकं बॅलन्स केली, शाफ्टचे क्रॉस बदलले, पण गुण नाही. त्याच्या कारागिरांनी हात टेकले होते.

तिने काकाला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली. भर वेगात न्यूट्रल केलं. इंजिन निवलं तरी थरथर तशीच राहिली. म्हणजे दोष इंजिनात नव्हता. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून घूं असा आवाज यायचा. परत आल्यावर मागची चाकं जॅकवर उचलून तिने शाफ्ट हाताने हलवला. डिफरन्शियलच्या तोंडाशी तो दुखऱ्या दातासारखा हलला. खालचा बोल्ट काढला, तर काळ्या तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता.

हे कोणी भरलं, तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मीच," काका छाती काढून म्हणाला. "आपली गाडी परक्याच्या हातात कोण देतं?"

तिने डिफरन्शियल खोललं. शाफ्टला जोडलेल्या दातेरी पिनियनचं बेअरिंग तापून निळं पडलं होतं आणि आतली कडी चेपून सपाट झाली होती. कोणीतरी पान्याला पाइप लावून, जीव खाऊन नट आवळला होता. बेअरिंगला फिरायला मोकळीकच उरली नव्हती. दूधवाल्याच्या गाडीतल्या अशाच निळेपणाचं, अशाच चेपलेल्या कडीचं वर्णन तिने बाबांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

तिने हात पुसले आणि दोन फोन केले. काकाला म्हणाली, बसा, चहा सांगितलाय.

काठी टेकत दूधवाला आला, मागोमाग बाबा आले. दारातले ड्रायव्हरही सरकून जवळ झाले. तिने बेअरिंग आणि कडी गोणपाटावर मांडली. बाबांनी कडी उचलून बराच वेळ उलटसुलट पाहिली.

"त्या गाडीतलीही अशीच होती," ते म्हणाले.

"ही काकांनी स्वतः भरलीय. आत्ताच सांगितलं त्यांनी."

काकाचा चेहरा उतरला. "पोरी, घरातलं घरात राहू दे."

"चव्हाट्यावर तुम्हीच नेलं होतं, काका. यांच्या गाडीचा नट कोणी आवळला, ते यांना सांगा."

काका काहीतरी पुटपुटला. ऐकू आलं नाही, ती म्हणाली.

"मी आवळला होता."

बाबा टायरवर बसले. तुला तेव्हाच ठाऊक होतं का, त्यांनी भावाला विचारलं. काकाने होय म्हणून मान हलवली. दूधवाल्याने काकाकडे पाठ केली आणि बाबांचा हात हातात घेतला.

निघताना बाबा लेकीला म्हणाले, गाडी बांधून दे, जाऊ दे त्याला. सामान यायचंय, ती म्हणाली. सामान तिच्या फळीवरच होतं.

आठवडाभर काकाची पिकअप तशीच उघडी, दारात उभी राहिली. येणारा प्रत्येक ड्रायव्हर विचारी, हिला काय झालं? मग ती हातातलं काम बाजूला ठेवी आणि पहिल्यापासून सगळं सांगे. सांगताना तिचा आवाज एकदाही चढला नाही.