दंडाची आतली बाजू

मी वर्षालीच्या उजव्या दंडाची आतली बाजू बोलतेय. त्या रविवारपासून मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

वलगावच्या वावरात वर्षाली वांगी तोडते, ड्रेसवर बापाचा जुना शर्ट चढवून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. कोपराखालचा हात, माझा सख्खा भाऊ, दिवसभर उन्हात. ऊन लागलं की कातडी आपला रंग वाढवते, तोच तिचा बचाव. तळहाताची गोष्ट वेगळी. त्याची कातडी जाड, रंग मुळातच कमी, म्हणून तो उन्हात राहूनही फारसा रापत नाही. आणि मी? मी बाहीत, त्यातही बरगड्यांना चिकटून. ऊन पोचतच नाही, तर रापणार कशी? नुसती आयतखाऊ.

त्या रविवारी मोर्शीहून संत्र्याच्या बागेवाले पाहुणे आले, त्यांच्या मनोजसाठी वर्षालीला बघायला. मुलाची मावशी माणिकबाई तिच्या मनगटाकडे पाहत म्हणाली, “पोरगी सावळी हाये वं.”

वर्षालीची आई शकुनबाई हडबडली. पोह्यांचा ट्रे तिथंच ठेवून तिनं लेकीची बाही वर सारली आणि दंड उलटा केला. “मुळात गोरीच हाये, ताई. हे पाहा! वावरात रापली. चार महिने घरात बसवतो, उजळते.”

आठ-दहा जणांनी मला निरखलं. माणिकबाईनं तर बोट लावून पाहिलं. मी शरमेनं मेले. जन्मात एक वांगं तोडलं नाही, आणि घराची अब्रू राखायला मीच पुढे! ज्यानं काटे सोसले, तो भाऊ मात्र आईनं ओढणीखाली झाकलेला.

वर्षालीनं हात सोडवून घेतला. “मावशी, थ्या जागेले ऊनच लागत नाई. पाहाचं असन तं हे हात पाहा. लगन झाल्यावरबी मी वावरात जाईन, अन् अशीच राईन.”

पाहुणे “कळवतो” म्हणत उठले. अजून काही कळवलेलं नाही.

ते गेल्यावर शकुनबाई लेकीची बाही खाली ओढायला लागली, आणि मधेच थांबली. “माह्या आईनंबी माहा दंड असाच दाखवला होता,” ती म्हणाली. “मी काईच बोलली नाई.”

सोमवारी दोघी वावरात गेल्या. पुन्हा बाह्या दुमडल्या, पुन्हा भाऊ उन्हात, मी सावलीत.

तुमच्याही बाहीत माझ्यासारखी एक असेल. असू द्या. पण उद्या कुणी लेकीचा रंग विचारला, तर दंडाच्या आतल्या बाजूला साक्षीला बोलावू नका. लाज वाटते हो.